तोल सांभाळणारा कान

कर्णबधिर मुलाविषयी आपल्याकडे दोनच प्रश्न विचारले जातात. ऐकू येते का? आणि बोलू लागले का? डॉक्टर विचारतात, शेजारीण विचारते, शादीत भेटलेली दूरची खालाही तेच विचारते. ते मूल अंधारात नीट चालते का, जिना उतरताना भिंत धरते का, हे कुणी विचारत नाही. मी बी.एड. केले तेव्हा विशेष गरजा असलेल्या मुलांवर एक प्रकरण होते. श्रवणयंत्र, ओठांवरून समजणे, पुढच्या बाकावर बसवणे, सारे त्यात होते. तोलाविषयी एक ओळही नव्हती.

ती ओळ मला एका विद्यार्थिनीमुळे वाचायला मिळाली. आमच्या उर्दू शाळेत दुसरीच्या वर्गात ती आली. जन्मापासून बहिरी. दोन्ही कानांना यंत्रे लावूनही मोठे आवाज तेवढे कळत. दिवसा मैदानावर ती इतरांबरोबर धावे. मगरिबनंतर मात्र घरासमोरच्या बोळातच पडे. बांधकामाच्या वाळूवर पाय ठेवला की कोलमडे. नमाज शिकताना सजद्यातून उठली की शेजारच्या मुलीची ओढणी धरी. घरात कुणी तिला धांदरट म्हणे, कुणी सायाचा संशय घेई. गळ्यात तावीजही आला होता. तिची अम्मी मला म्हणाली, “आपा, मशीन लगाए तोबी गिरतीच है.”

यंत्र लावूनही पडते, कारण यंत्र ऐकण्यासाठी असते आणि कानाचे काम ऐकण्यापुरते नसते. कानशिलाच्या हाडात, अगदी आत, शंखासारखा वेटोळे घेतलेला एक भाग आहे. तो ऐकण्याचा. त्याला लागूनच तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आणि दोन चिमुकल्या पिशव्या आहेत. डोके वळले की नळ्यांतला द्रव हलतो, सूक्ष्म केस वाकतात आणि मेंदूला खबर जाते. पिशव्यांत चुन्याचे बारीक कण असतात. वर कुठे, खाली कुठे, हे ते सांगतात. दोन्ही भागांत द्रव एकच खेळतो आणि दोघांचे निरोप नेणारी नसही एकच. एका भिंतीने जोडलेल्या दोन खोल्या म्हणा. एकीत ओल शिरली की दुसरीही पाहून घ्यावी लागते.

ही गोष्ट नवी नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८२ मध्ये कर्णबधिरांना गरगर फिरवून चक्कर येते का, याची माहिती जमवली. ५१९ जणांपैकी १८६ जणांना चक्कर मुळीच आली नाही आणि १३४ जणांना अगदी थोडी. पुढे १९५८ च्या सुमारास अमेरिकेच्या नौदलाने अंतराळप्रवासाच्या अभ्यासासाठी गॅलॉडेट कॉलेजमधले ११ कर्णबधिर पुरुष निवडले. त्यांतले बहुतेक मेंदूज्वराने बहिरे झालेले. नोव्हा स्कोशियाजवळच्या खवळलेल्या समुद्रात ते बोटीवर पत्ते खेळत बसले आणि त्यांची तपासणी करणारे मात्र उलट्यांनी बेजार झाले. ज्याला आपण कमतरता म्हणतो, ती तिथे कामाला आली.

पण आपल्या मुलांना समुद्र नव्हे, गल्ली पार करायची असते. माणूस उभा राहतो तो तीन आधारांवर: डोळे, पायांची जाण आणि कान. कानाचा आधार गेला की मूल उरलेल्या दोहोंवर काम भागवते. अंधार झाला की डोळे जातात, वाळू किंवा गादी आली की पायांची जाण जाते. मग ते पडते. त्यात ना मस्ती असते, ना साया.

उर्दू शिकवणाऱ्यांसाठी यात आणखी एक गोष्ट आहे. डोके हलले तरी नजर स्थिर ठेवण्याचे कामही हाच कान करतो. तो नसेल तर डोके हलताना अक्षरे थरथरतात. आपल्या लिपीत बे, पे आणि ते यांतला फरक नुसत्या नुक्त्यांचा. फळ्यावरून वहीत उतरवताना मान वर-खाली करणारे मूल नुक्ते चुकवत असेल, तर ते मंद आहे असे समजू नये. मजकूर कागदावर लिहून त्याच्यासमोर ठेवावा. मी तेच केले आणि तिच्या वहीतल्या चुका कमी झाल्या.

खरा पेच पुढे होता. तिसरीचा वर्ग वरच्या मजल्यावर भरे आणि जिन्याला कठडा नव्हता. तिच्या अब्बांनी ठरवले, आता शाळा पुरे, पोरगी डोके फोडून घेईल. मी त्यांना म्हटले, आधी एकदा दाखवून येऊ. शहरातल्या श्रवणतज्ज्ञ बाईंनी पहिलाच प्रश्न केला, ही चालायला कधी लागली? दादी म्हणाली, दोन बरस पुरे झाल्यावर. मूल दीड वर्षापर्यंत चालू लागते. बहिरे मूल त्याहून उशीर लावत असेल तर तोलाची तपासणी हवी, हे आम्हाला तिथे कळले. तपासणीत कानाचा तोल जवळजवळ नसल्याचे दिसले.

बाईंनी डोळेही तपासायला सांगितले. त्यामागे कारण होते. अशर सिंड्रोम नावाचा एक आनुवंशिक आजार आहे. त्याच्या पहिल्या प्रकारात मूल जन्मतः बहिरे असते, तोल नसतो, चालायला उशीर होतो आणि पुढे रातांधळेपणापासून नजर खालावू लागते. आईबाप दोघांकडून तोच दोष आला तर तो उमटतो, म्हणून जवळच्या नात्यातल्या लग्नांत त्याची शक्यता वाढते. तिचे अम्मी-अब्बा मावसभावंडे आहेत. आपल्यात चुलत-मावस लग्ने होतात, महाराष्ट्रातल्या कितीतरी हिंदू घरांत मामाची मुलगी केली जाते. धर्माने आपल्याला मुभा दिली आहे, सक्ती केलेली नाही. घरात एक बहिरे मूल असेल तर पुढचे नाते जोडण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेण्यात ईमान कमी होत नाही. या मुलीचे डोळे आज चांगले आहेत. तपासणी दरवर्षी होते.

मुख्याध्यापकांनी तिसरीचा वर्ग खाली आणला. नंतर जिन्याला लोखंडी नळीचा कठडाही लागला. आखलेल्या रेषेवर चालणे, गादीवर उभे राहणे, एका पायावर तोल धरणे, असा व्यायाम ती रोज करते. त्याने कान बरा होत नाही, पण डोळे आणि पाय जास्त काम शिकतात. आज ती पाचवीत आहे. पडते अजून, पण कमी.

महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेल्या अली यावर जंग यांच्या नावाची श्रवणदोषांवरील राष्ट्रीय संस्था १९८३ पासून मुंबईत वांद्र्याला आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत येतात. पथक आले की शिक्षकांनी मुलाच्या ऐकण्याबरोबर त्याचे पडणेही सांगावे. मेंदूज्वर होऊन गेलेल्या किंवा जेंटामायसिनसारखी इंजेक्शने घेतलेल्या मुलांवरही लक्ष ठेवावे. घरच्यांनी रात्री बोळात दिवा लावावा. अशा मुलाला विहिरीवर किंवा नदीवर एकटे सोडू नये. गढूळ पाण्याखाली त्याला वर कुठे आणि खाली कुठे, हे कळत नाही. आणि नमाजेत तोल जात असेल तर त्याला बसून पढू द्यावे. ती सवलत दीनने आधीच दिलेली आहे.