घराची मागची बाजू

माणसाला कोणत्या वयात कोणता छंद जडेल, याचा काही नेम नाही. आमच्या महाविद्यालयातील एका सहकाऱ्यांनी निवृत्ती जवळ आल्यावर सतार शिकावयास घेतली. दुसऱ्या एकांना फलज्योतिषाने पछाडले. मी मात्र पन्नाशी उलटल्यावर घरे बांधू लागलो. 'मी घरे बांधतो' असे म्हणताच नवख्या पाहुण्यांच्या मुद्रेवर आदराची एक छटा उमटते. प्राध्यापकांना अलीकडे पगार बरा मिळत असावा, हा त्यांच्या मनातील हिशोब मला स्पष्ट वाचता येतो. मग मी त्यांना माझ्या टेबलापाशी नेतो आणि तळहातावर मावेल एवढा एक दुमजली वाडा त्यांच्यापुढे धरतो. आदराची छटा तत्काळ मावळते. "मुलांसाठी वाटतं?" असे ते विचारतात. "नाही, माझ्यासाठी," असे मी सांगतो. आणि मग आम्ही दोघेही घाईघाईने चहाकडे वळतो.

या वेडाची लागण मला पुण्यास झाली. कोथरूड भागात भाऊसाहेब जोशी यांच्या आयुष्यभराच्या छंदातून उभे राहिलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे; 1998 साली ते लोकांस खुले झाले. एका विस्तीर्ण मंचावर अख्खे नगर वसविलेले आहे. त्यात आगगाड्या धावतात, सिग्नल पडतात, सर्कशीचा तंबूही दिसतो. आणि मधेच खोलीतील प्रकाश मंदावला, की त्या नगरीत रात्र होऊन खिडक्याखिडक्यांतून दिवे लागतात. मजबरोबर आलेली मंडळी गाड्यांकडे पाहात होती. माझी दृष्टी मात्र त्या उजळलेल्या खिडक्यांवरून हलेना. गाव नसेल, तर गाडी म्हणजे नुसते चाकांवरचे यंत्र. तिला कोठून तरी निघावयाचे असते आणि कोठे तरी पोहोचावयाचे असते, हे तिला शिकविते ते रुळांच्या कडेचे गावच!

ही गावे विकत मिळतात, हे मला तोवर ठाऊक नव्हते. जर्मनीत ब्लॅक फॉरेस्टमधील ग्यूटेनबाख या गावी हेरमान आणि एडविन फालर या दोघा भावांनी 1946 साली, म्हणजे महायुद्धाची राख अजून निवली नव्हती अशा काळी, एक कारखाना काढला. तेथून आजही पेटीत घातलेली घरे जगभर जातात. पेटी उघडली की आत भिंती, दारे, खिडक्या, कौले असे सारे भाग प्लॅस्टिकच्या काड्यांना चिकटलेले, प्रत्येकावर आकडा घातलेला, असे निघतात. बारीक पक्कडीने ते तोडावयाचे, कानशीने कडा साफ करावयाच्या, आणि आकड्यांच्या क्रमाने चिकटवीत जावयाचे. सर्व मोजमापे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाने. या मापाला एच-ओ असे नाव आहे. या जगात चांगला धिप्पाड मनुष्यदेखील दोन सेंटिमीटरांच्या फारसा वर जात नाही. आपल्या थोरपणाविषयी ज्यांना फार खात्री वाटते, अशांनी हे माप एकदा जवळून पाहावे, अशी माझी नम्र सूचना आहे.

पहिले घर मी सूचनापत्रकाबरहुकूम बांधले. ते फार सुंदर झाले. आणि त्याच्याशी माझा काडीमात्र संबंध नव्हता. बर्फ घसरून पडावे म्हणून केलेले उभट छप्पर, वर धुराडे, खिडकीखाली फुलांच्या पेट्या, आणि दारापुढे ओट्याचा पत्ता नाही! जे घर बाहेर बसावयास जागा देत नाही त्यात शेजारधर्म कसा पाळावा? तेव्हा दुसरी पेटी आणली ती मोडतोड करण्याच्याच इराद्याने. उभ्या त्रिकोणी भिंती करवतून उतरत्या केल्या, धुराडे काढून टाकले, पुठ्ठ्यावर चरे ओढून मंगलोरी कौले केली, तांब्याच्या तारेचे गज खिडक्यांना बसविले आणि उरलेल्या भिंतींतून एक ओटा काढला. एकदा चिकटद्रव्य जास्त होऊन सबंध खिडकी विरघळली. ती चूक मी नवीन लिंपलेला गिलावा म्हणून खपविली. परदेशी विद्या शिकून तिच्यातून देशी संसार उभा करण्यात माझ्या पिढीचे बरेच आयुष्य गेले आहे, त्यामुळे या कामात मला फारसे अवघड वाटले नाही.

पण गाव कोणते वसवावयाचे? वणीशिवाय दुसरे नाव माझ्या मनात आलेच नाही. सप्तशृंगीच्या पायथ्याशी वसलेले हे दिंडोरी तालुक्यातील गाव माझे जन्मगाव. येथे एक अडचण होती. वणीस रेल्वे नाही. यवतमाळ जिल्ह्यातील वणीस स्थानक आहे. आमच्या वणीच्या माणसाला गाडीची शिट्टी ऐकावयाची तर नाशिकरोड गाठावे लागते. 2018 साली गडावर देवीच्या मंदिरापर्यंत तारेने ओढली जाणारी ट्रॉली सुरू झाली, तेवढेच काय ते रूळ आमच्या डोंगराने पाहिले. परंतु छंदाच्या राज्यात खात्याची मंजुरी लागत नाही. मी एका रविवारी दुपारी वणीस रेल्वे आणली आणि पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांनी गावाचे नाव लिहिले. रूळ मात्र विलायती, साडेसोळा मिलिमीटर रुंदीचे. आपला रुंद मार्ग त्याच मापाने एकोणीस मिलिमीटरांच्या वर भरतो. तेवढी तडजोड मी मुकाट्याने केली. डोंगराच्या बाबतीत तर शरणच गेलो. गावापासून गड नुसता दोन हजार फूट उंच धरला तरी या मापाने तेवीस फूट होतो. त्याला जागा द्यावयाची म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडकरूंना घर सोडावयास सांगणे आले! शेवटी सप्तशृंगी मी मागच्या पडद्यावर रंगविली.

प्रमाणाचा हा जाच लहानपणी आम्हांस नव्हता. दिवाळीत वाड्याच्या अंगणात आम्ही किल्ला करीत असू. त्यावर शिवाजीमहाराज राजवाड्यापेक्षा मोठे असत, पहाऱ्याचा मावळा दरवाजातून आत जाऊ शकत नसे, आणि पायथ्याच्या भाजीवालीची टोपली विहिरीहून रुंद असे. ज्याचे महत्त्व मोठे त्याचा आकार मोठा, एवढाच आमचा नियम. हा किल्ला माझ्या नावाने ओळखला जाई. शेजारी येऊन मला शाबासकी देत. आता आठवते की माती कालविण्याचे, पाणी आणण्याचे, दगड रचण्याचे आणि तटावर आळीव पेरण्याचे काम माझ्याहून आठ वर्षांनी मोठी असलेली माझी अक्का करीत असे. मी सिंहासनावर महाराज बसवीत असे.

तो वाडा आता नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी वाटण्या झाल्या, वाडा विकला गेला आणि पाडला गेला. त्या वेळी परीक्षांचे दिवस होते. कागद नाशिकला आले, मी सही केली, आणि वणीस गेलो नाही. परीक्षांची सबब खरी होती. पण न जाण्याचे कारण तेवढेच नव्हते, हे मला तेव्हाही ठाऊक होते. अक्का गावातच दिलेली. पाडकाम चालू असता ती रोज तेथे जाऊन उभी राहात असे, असे मागाहून कोणी तरी सांगितले. ती स्वतः त्याविषयी माझ्याशी एक अक्षरही बोलली नाही, आणि मीही कधी विचारले नाही.

टेबलावरील वणीत तो वाडा मी पुन्हा बांधला. चार महिने लागले. पाच खणांची ओसरी जवळजवळ नऊ सेंटिमीटरांत बसविली. दिंडीदरवाजा, ओट्याच्या तीन पायऱ्या, माडीचा लाकडी कठडा, जेथे बसून मी अभ्यास करीत असे ती माडीवरची खिडकी, सगळे काही जागच्या जागी आले. मग तो बुटांच्या खोक्यात कापूस घालून ठेवला, खोके मांडीवर घेतले, आणि एस. टी. ने दिंडोरीमार्गे वणीस निघालो. चाळीस किलोमीटरांच्या त्या रस्त्यावर प्रत्येक खड्ड्यागणिक मी खोके दोन्ही हातांनी उचलून धरीत होतो. शेजारच्या शेतकऱ्याने अखेर न राहवून विचारले, "कोंबडीची पिल्लं आहेत का, गुरुजी?" मी होय म्हणालो. ते समजावून सांगण्यास अधिक सोपे होते.

अक्काने चष्मा पुसला, वाडा हातात घेतला आणि बराच वेळ पाहिला. "अगदी तोच रे," असे ती म्हणाली, आणि मला शाबासकीची जुनी चव आठवली. मग तिने तो उलटा फिरविला.

"आणि मागचं?"

मागे काही नव्हते. मागची भिंत मी पेटीतील एका अखंड तुकड्याची केली होती. ती पडद्याकडे वळणार, कोणाच्याही दृष्टीस पडणार नव्हती. आतून वाडा पोकळ होता. ही घरे अशीच असतात. पडद्याला टेकवावयाची काही घरे तर अर्धीच विकत मिळतात, नुसती दर्शनी भिंत.

"मागचं दिसत नाही, अक्का," मी म्हणालो.

"तुला दिसत नसेल," ती सहज म्हणाली. तिच्या स्वरात रागाचा लवलेश नव्हता. "स्वयंपाकघर मागं. न्हाणी मागं. आड मागं. सातवीनंतर मी पुढं आले ती हळदीकुंकवाला, नाही तर सडा घालायला. या पायऱ्या तीन होत्या हेसुद्धा मला नीटसं आठवत नाही बघ. मागच्या मात्र पाच होत्या. चौथी हलायची."

मी खिशातून कागद काढला. विद्यार्थ्याने लिहून घ्यावे तसे लिहून घेऊ लागलो. चुलीच्या वरचे एक कौल धूर जावा म्हणून काठी घालून उचललेले असे. मी धुराडे काढून टाकून आपले घर देशी केले होते खरे. पण आपल्या घरातला धूर कोठून जातो, हा प्रश्न मला पडलाच नव्हता! पाटा-वरवंटा न्हाणीच्या भिंतीशी. आडाचा रहाट डाव्या बाजूस. मागच्या भिंतीत उजेडासाठी एक गवाक्ष, तेही उंचावर. उजेड येई, पण बाहेरचे दिसत नसे. "तू माडीवर मोठ्यानं इंग्रजी कविता पाठ करायचास ना, ती त्यातून खाली ऐकू यायची," ती म्हणाली, आणि माझ्या मॅट्रिकच्या वर्षातील एका कवितेचे पहिले शब्द तिने तिच्या उच्चारांत म्हणून दाखविले. ते पुष्कळसे बरोबर होते. त्यांचा अर्थ काय, हे तिने मला तेव्हा विचारले नव्हते, आता विचारले. मी सांगितला. शिकविण्यात तीस वर्षे घालवूनही तो मला त्या दिवशी नीट सांगता आला नाही.

परतीच्या वाटेवर खोके मांडीवर होतेच. विचार करता करता मला एक गोष्ट सुचली, आणि इतक्या उशिरा सुचली याची लाज वाटली. आगगाडीतून आपण गावांची कोणती बाजू पाहतो? घरांचे चेहरे रस्त्याकडे असतात. रुळांकडे बहुधा पाठ असते. कोणत्याही गावी शिरताना आपल्याला दिसतात ती मागची दारे, दोरीवरचे धुणे, मोऱ्या, राखेचे ढीग आणि भांडी घासता घासता गाडीकडे पाहणाऱ्या बायका. ओटा आणि दिंडीदरवाजा पाहावयास बैलगाडीने यावे लागते. म्हणजे रेल्वेच्या दृष्टीनेही अक्काचेच बरोबर होते, आणि वर्षभर दर्शनी भिंती रंगविणारा मी चुकलो होतो.

नाशिकास येऊन मी मागची भिंत करवतून काढली. अक्काच्या टिपणावरून आड, न्हाणी, पाच पायऱ्या आणि उचललेले कौल केले. चौथी पायरी किंचित तिरपी लावली. मग वाडा पडद्यापासून उचलून उलटा केला, आणि त्याची पाठ रुळांकडे येईल असा बसविला. पाहुणे आता विचारतात, "हे घर असं पाठमोरं का?" त्यांना उत्तर देण्यास चहा होईपर्यंतचा वेळ पुरत नाही.

दिवाळीत अक्का माझ्याकडे आली, तेव्हा तिला टेबलापाशी खुर्ची दिली आणि कळ दाबली. वणीच्या पाटीपाशी गाडी थांबली, निघाली, वाड्याच्या परसामागून गेली. अक्काने दोन फेऱ्या पाहिल्या.

"ही जाते कुठं रे?"

"कुठंच नाही," मी म्हणालो. "गोल फिरून परत वणीलाच येते."

"मग बरी आहे," अक्का म्हणाली. "चुलीवर पाणी तापत ठेवून जाऊन येता येईल."