पन्हाळीतला चेंडू

मुलांनो, आखाजी झाली की आमच्या खान्देशात दोन गोष्टी होतात. झाडांवरचे झोके उतरतात आणि माणसे धाब्यावर चढतात!

धाबे म्हणजे मातीचे सपाट छप्पर. खाली लाकडी सरे, त्यावर काटक्या अन् पाला, त्यावर मातीचा जाड थर. जळगाव-धुळ्याच्या खेड्यांत अशी घरे अजूनही दिसतात. मृग लागण्याआधी, म्हणजे ७ जूनच्या आत, धाब्यावर खारी माती पसरायची. खारीच का? तिच्यात क्षार असतात. पाणी लागले की तिचे कण सुटे होतात आणि बारीक भोके बुजवतात. मग पाणी खाली झिरपत नाही. आमच्या आबांनी हे पुस्तकात वाचले नव्हते. पण चिमूटभर माती जिभेवर ठेवून ते सांगत, ‘ही खारी, ही साधी.’

मी चौथीत होतो तेव्हाची गोष्ट. खारी टाकायचा दिवस होता. आबा उतार बघत होते. वडील एकेक सरा ठोकून वाळवी लागली का ते तपासत होते. आई धाब्यावरचे गवत मुळासकट उपटत होती, कारण मुळांच्या वाटेनेच पाणी आत शिरते. माझे काम एकच – पन्हाळ साफ करायची. धाब्यावरचे सगळे पाणी तिच्यातूनच बाहेर पडते.

पन्हाळीत आमचा चिंध्यांचा चेंडू अडकला होता. मला ते ठाऊक होते. मी काडी घालून पाहिली, पण तो निघेना. खाली मित्र हाका मारत होते. मी उतरलोच.

आजीने विचारले, ‘‘भाऊ, पन्हाळ देखी का रे?’’

‘‘हाव, देखी!’’ म्हणालो आणि पळालो.

पहिला पाऊस रात्री आला, तोही वादळ घेऊनच. मी जागा होतो. बाहेर पन्हाळीतून पाणी पडल्याचा आवाज येत नव्हता. का येत नव्हता, ते फक्त मलाच कळत होते. तरी मी गोधडीत तोंड खुपसून गप्प राहिलो. थोड्या वेळाने आजी ओरडली, ‘‘उठा रे! धाबं गळी राह्यनं!’’ तिने झोपलेल्या माझ्या धाकट्या बहिणीला उचलले आणि आम्हा सगळ्यांना ओट्यावर नेले. तेवढ्यात आत धप्पकन आवाज झाला. बैलगाडीच्या चाकाएवढा चिखलाचा गोळा बहिणीच्या अंथरुणावर पडला होता.

सकाळी आबांनी पन्हाळीत बांबू घातला. चेंडू बाहेर आला. आबांनी तो पिळला, भिंतीवर वाळत ठेवला आणि माझ्याकडे पाहिले. बोलले काहीच नाहीत. मला मात्र रडू फुटले. सगळ्यांसमोर मी कबूल केले, ‘‘मी खोटं बोललो.’’

आता मी शाळेत शिकवतो. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांची घरे पत्र्यांची आहेत. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आले, तेव्हा कोकणात हजारो घरांची छपरे उडाली. आपल्याकडेही मे-जूनच्या वादळात केळीच्या बागा झोपतात, पत्रे उडतात. वारा छपरावरून जोरात गेला की वरचा हवेचा दाब कमी होतो. उघड्या दारातून शिरलेली हवा खालून ढकलते. मग पत्रा वर उचलला जातो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो! म्हणून पत्र्यावर नुसते दगड ठेवून भागत नाही. उलट पत्रा उडाला की तेच दगड घरात पडतात. पत्रा हुकांनी पक्का आवळायला हवा.

म्हणून सुट्टीच्या अभ्यासात मी एक पान छपराचे देतो. भर दुपारी दार-खिडक्या लावा आणि आतून वर बघा. उजेडाचा ठिपका दिसला की तिथे भोक आहे. भिंतीवर ओलीचे जुने डाग शोधा. हुक गंजलेत का, वायसर सैल झालेत का, ते मोठ्यांना बघायला सांगा. पत्र्याच्या पाइपाला बाळाचा झोका बांधलेला असेल, तर तो सोडायला लावा. वर मात्र तुम्ही चढू नका. सिमेंटचा पत्रा पायाखाली अचानक फुटतो.

आणि वहीत जे खरोखर पाहिले, तेवढेच लिहा. तो चेंडू अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. वह्या तपासताना मी तो समोर ठेवतो.