संग्रहालयातला आपला पत्ता

आपल्या शाळेत पहिल्या मजल्यावर, प्रयोगशाळेकडे वळताना भिंतीवर एक लांब तक्ता आहे. 'आपले बडोदे' असे त्याचे शीर्षक. विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही त्याच्यासमोरून रोज जाता. डाव्या टोकाला १७२१, पिलाजीराव गायकवाड. मग १७३४, बडोदे कायमचे गायकवाडांच्या ताब्यात. मग १८७५, सयाजीराव महाराज गादीवर. १९०६, संस्थानभर सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण. आणि शेवटी १९४९, संस्थानाचे विलीनीकरण. मी या शाळेत रुजू झाले त्याच्या कितीतरी आधीपासून हा तक्ता तिथे आहे, आणि महाराजांच्या जयंतीचे माझे भाषण मी त्यावरूनच तयार करत आले. त्या भाषणात एक वाक्य दर वर्षी असे: "मुलांनो, आपले पूर्वज इथे आले तेव्हा चार वडाची झाडे आणि एक लहानसे खेडे होते." या वाक्याला टाळ्याही पडत.

ते वाक्य चुकीचे होते. मला ते कसे कळले, ते आज सांगायचे आहे.

मागे एकदा सातवीच्या मुलांना घेऊन आम्ही कमाटीबागेतले संग्रहालय पाहायला गेलो. माझे कॉलेज हिंदी माध्यमातले, त्यामुळे 'संग्रहालय' हा शब्द आठवण्याआधी तोंडात 'अजायबघर' येते. मुले त्यावर हसतात. पण खरे सांगायचे तर मुलांसाठी ते अजायबघरच असते. आत शिरल्या शिरल्या एकच घोषा, "मॅडम, ममी कुठे आहे?" इजिप्तची ममी पाहून झाली की देवमासा. १९४४ साली मही नदीच्या मुखाशी सापडलेल्या निळ्या देवमाशाच्या पिलाचा तो सांगाडा, बहात्तर फूट लांब. पिलू आणि बहात्तर फूट! आमच्या मुलांनी त्याची लांबी पावलांनी मोजली आणि एकमेकांशी भांडून तीन वेगवेगळी उत्तरे आणली.

इमारतीबद्दल मी मुलांना आधी वर्गात सांगितले होते. १८९४ साली ती पूर्ण झाली. मेजर मँट आणि रॉबर्ट चिझम या इंग्रज वास्तुविशारदांचे ते काम. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाचा नमुना डोळ्यांसमोर ठेवून महाराजांनी हे संग्रहालय उभे केले. शेजारचे चित्रांचे दालन १९१४ मध्ये बांधून झाले, पण युरोपातून यायच्या कलाकृती पहिल्या महायुद्धामुळे अडकल्या आणि ते उघडायला १९२१ उजाडले. एका मुलाने वर्गात विचारले होते, "मग ही बिल्डिंग इंग्रजांची की आपली?" मी म्हटले, नकाशा इंग्रजाचा, पैसा बडोद्याच्या रयतेचा, कल्पना महाराजांची. उत्तर सुचले याचे तेव्हा मला फार समाधान वाटले होते.

पण गंमत पुढेच आहे. सगळा घोळका देवमाशाकडे असताना एक मुलगी धातूच्या मूर्तींच्या कपाटापाशी रेंगाळली होती. मी तिला बोलवायला गेले, तर ती काचेवर बोट ठेवून म्हणाली, "मॅडम, इथे आपला पत्ता लिहिलाय."

मी चष्मा न लावताच सांगितले, "अगं, अकोला असेल ते. महाराष्ट्रातलं. नीट वाच." तिने नीट वाचले. मोठ्याने, अक्षर अक्षर सुटे करून. अ-को-टा. मग माझ्याकडे पाहिले. मी घड्याळाकडे पाहिले आणि "चला, बस थांबलीये" म्हणाले. तीस-पस्तीस वर्षे शिकवल्यावर माणूस अशी वेळ कशी मारून नेतो, ते सर्व शिक्षकांना माहीत आहे.

घरी आल्यावर मात्र चैन पडेना. पुस्तके मागवली, वाचले. आपण ज्या अकोट्यात राहतो, जिथे आज स्टेडियम आहे, नाट्यगृह आहे आणि दांडियाबाजारला जोडणारा पूल आहे, तिथे, विश्वामित्रीच्या पश्चिम काठावर, प्राचीन काळी अंकोट्टक नावाचे नगर होते. १९५१ साली इथे जैन मूर्तींचा मोठा साठा सापडला. अडुसष्ट मूर्ती, सहाव्या शतकापासून अकराव्या-बाराव्या शतकापर्यंतच्या. बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराचे विद्वान उमाकांत प्रेमानंद शाह यांनी त्यांचा अभ्यास केला आणि १९५९ मध्ये त्यांवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. आज जगात भारतीय धातुशिल्पाचा विषय निघाला की 'अकोटा ब्रॉन्झेस' हे नाव निघतेच. आपल्या रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता परदेशातले अभ्यासक पुस्तकात लिहितात, आणि तो अकोला असेल असे शाळेची प्राचार्या सांगते! असो.

त्या मूर्तींत जीवंतस्वामींची एक मूर्ती आहे. जीवंतस्वामी म्हणजे महावीरच, पण संन्यास घेण्याआधीचे, राजपुत्राच्या वेषातले. डोक्यावर मुकुट, अंगावर दागिने, आणि उभे मात्र ध्यानात. तिच्या बैठकीवर लेख कोरलेला आहे आणि त्यात मूर्ती देणाऱ्या बाईचे नाव आहे, नागीश्वरी. ती चंद्रकुलाची श्राविका होती. राणी नव्हे, सरदाराची पत्नी म्हणूनही तिची ओळख नाही. तिचे स्वतःचे नाव तिच्या दानावर आहे, चौदा-पंधराशे वर्षांपूर्वीचे. आपल्या तक्त्यावर १७२१ ते १९४९ मध्ये एकाही स्त्रीचे नाव नाही, हे मला त्या रात्री पहिल्यांदा दिसले. खरे तर जमनाबाई महाराणींचे तरी असायला हवे होते. मल्हाररावांना इंग्रजांनी पदच्युत केल्यावर १८७५ मध्ये त्यांनी दत्तक घेतले नसते, तर कवळाण्याचा गोपाळ कवळाण्यातच राहिला असता.

अकोट्यात याहूनही जुने काही सापडले आहे. ग्रीक-रोमन धाटणीच्या सुरईची ब्राँझची मूठ, तिच्यावर इरॉस हा त्यांचा कामदेव. म्हणजे समुद्रापलीकडचा माल विश्वामित्रीच्या काठापर्यंत येत होता.

आणि बडोदे? इ. स. ८१२ चा राष्ट्रकूट कर्क सुवर्णवर्ष याचा ताम्रपट आहे. बडोद्याचा सर्वांत जुना उल्लेख त्यातला. त्यात वटपद्रक नावाचे गाव दान दिलेले आहे, आणि ते गाव कुठले, तर अंकोट्टक चौऱ्याऐंशीतले. अंकोट्टकाखाली चौऱ्याऐंशी गावे होती, त्यांतले एक बडोदे. आज आपण अकोट्याला बडोद्याचा एक भाग म्हणतो. तेव्हा बडोदे अकोट्याचे खेडे होते. माझ्या भाषणातले वडाचे झाड आणि खेडे खरे होते, फक्त मी ते नऊशे वर्षे उशिरा आणून ठेवले होते. पिलाजीराव आले तेव्हा इथे गुजरातच्या सुलतानांच्या काळातला कोट आणि चार दरवाजे असलेले चांगले नांदते शहर होते.

ताम्रपटातली आणखी एक गोष्ट. ते गाव ज्या ब्राह्मणाला मिळाले त्याचे नाव भानू, आणि तो वलभीहून इथे आलेला होता. बडोद्याच्या पहिल्या लेखी नोंदीतला माणूसही बाहेरून आलेला. गोपाळराव बारा वर्षांचे असताना नाशिककडून आले, म्हणजे आपल्या सातवीच्या मुलांएवढे. मी स्वतः लग्न करून आले. आपल्या सभांमधून 'बडोदे आपण घडवले' असे आपण म्हणतो. त्यात खोटे काही नाही. शाळा, ग्रंथालये, तळी, दवाखाने यांच्यामागे आपल्या मंडळींचे कष्ट आहेत. पण आपण म्हणजे या गावाचे पहिले पान नव्हे, आणि मुलांना तसे शिकवणे मला आता जमणार नाही.

प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमोर मी माझी चूक सांगितली. त्या मुलीचे नाव घेतले तेव्हा ती लाजून खाली पाहू लागली. मागच्या रांगेतून कोणीतरी "अकोला!" म्हणाले. मी ऐकू न आल्यासारखे केले.

तक्ता बदलायचा ठरला तेव्हा विश्वस्त मंडळातील एका ज्येष्ठ काकांनी मला कार्यालयात गाठले. "बाई, मुलं आधीच मराठी विसरत चालली आहेत. त्यात आपला इतिहास उजवीकडे ढकलायचा?" प्रश्न राग येण्यासारखा नव्हता. दर वर्षी पहिलीच्या प्रवेशांची संख्या मीही पाहते. मी म्हटले, "काका, उजवीकडचे एक अक्षर पुसणार नाही. डावीकडे भिंत रिकामी आहे, तेवढीच वापरू." ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "राष्ट्रकूट म्हणजे वेरूळचं कैलास लेणं कोरणारेच ना? म्हणजे दक्षिणेकडूनच आले की!" आणि प्रसन्न होऊन गेले. नव्या कागदासाठी मुलांना पैसेही त्यांनीच दिले.

आता तक्ता कोपऱ्यावरून वळून पाण्याच्या टाकीपर्यंत गेला आहे. सुरुवातीला इरॉसची मूठ, मुलांनी काढलेली, थोडी पळीसारखी दिसते. मग नागीश्वरी, मग ८१२, मग चार दरवाजे. जमनाबाईही आल्या आहेत. १९४९ च्या पुढे मात्र जवळजवळ काहीच नाही. पालकांना विनंती आहे की आपले कुटुंब बडोद्यात कधी, कुठून, कोणत्या कामासाठी आले याचा एखादा कागद, पत्र किंवा फोटो घरी असेल, तर कार्यालयात आणून द्यावा. झेरॉक्स काढून मूळ प्रत त्याच दिवशी परत केली जाईल. सातवीचे विद्यार्थी मधल्या सुट्टीत ते लिहून घेतील. अक्षर जरा मोठे काढा, असे मी त्यांना सांगितले आहे. माझ्यासारखे चष्मा न लावता वाचणारे असतात.