मागच्या बाजूचे गाणे

फोर्टच्या पदपथावरून सॅम अँड डेव्ह या जोडीची स्वस्त संकलन-सीडी आम्ही घेतली, ती केवळ ‘सोल मॅन’साठी. १९६७ च्या डेट्रॉइटमधील उद्रेकात कृष्णवर्णीयांनी आपल्या दुकानांवर ‘सोल’ हा शब्द लिहून ती वाचविण्याचा यत्न केला; त्या वार्तेतून आयझॅक हेज यांना हे गाणे सुचले. इतिहासाच्या शिक्षकाला एवढे पुरे. उरलेली गाणी म्हणजे भरणा, असा आमचा (उर्मट) समज.

त्यांतच ‘आय कान्ट स्टँड अप फॉर फॉलिंग डाऊन’ निघाले. १९६७ मध्ये तबकडीच्या मागच्या बाजूस पडलेले, संथ, व्याकूळ. १९८० मध्ये एल्व्हिस कॉस्टेलो यांनी ते द्रुत लयीत गाऊन ब्रिटनमध्ये गाजविले. आम्हांस मात्र मूळचेच भावते. सॅम मूर यांचा चढा आवाज डगमगू लागताच डेव्ह प्रेटर यांचा भारदस्त स्वर त्याला हात देतो, असे वाटते.

पुढे वाचले की मंचाबाहेर हे दोघे वर्षानुवर्षे परस्परांशी बोलत नसत. १९८१ च्या ३१ डिसेंबरला ते अखेरचे एकत्र गायले.

वसतिगृहात हे सांगितले, तेव्हा एका मुलाने विचारले, “सर, मग गातानासुद्धा ते भांडलेलेच असायचे का?” आम्ही उत्तर दिले नाही; गाणे पुन्हा लावले.