चुना, तंबाखू आणि एक कुंडी

हिरव्या टोमॅटोच्या बुडाला, जिथून वाळलेलं फूल गळून पडतं तिथे, आधी पाणी सुटल्यासारखा एक डाग दिसला. चारच दिवसांत तो काळा पडला, आत ओढला गेला. बाकीचं फळ तजेलदार, देठ हिरवागार, झाडही कमरेएवढं. नर्सरीवाल्याला फोटो दाखवला. त्याने तळहातावरची तंबाखू मळणं न थांबवता चुन्याची डबी माझ्यापुढे धरली. ‘ताई, कॅल्शियम कमी पडलंय. चिमूटभर पाण्यात कालवा आणि ओता.’

निदान बरोबर होतं, पण औषध मला पटेना. कॅल्शियम मुळांकडून पाण्याच्या जोडीनेच वर चढतं आणि जिथून वाफ जास्त उडते तिकडे जास्त जातं. पानं दिवसभर वाफ सोडत असतात, फळाची गुळगुळीत साल जवळजवळ सोडतच नाही. कुंडी दुपारी खडखडीत आणि रात्री तुडुंब, असं चाललं की जे काही चढतं ते पानं घेतात आणि फळाचं टोक उपाशी राहतं. माती बिचारी भरलेलीच असते. आपल्या दख्खनच्या काळ्या मातीत तर चुनखडी मुळातच असते. वरून आणखी चुना ओतला की माती अधिक अल्कधर्मी होते, मग लोह असूनही मुळांना उचलता येत नाही आणि शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडतात, फक्त शिरा तेवढ्या हिरव्या.

म्हणून मी डबी परत केली आणि कुंडी बदलली. टोमॅटोला निदान बारा इंच रुंद आणि तेवढीच खोल जागा हवी. वीस लिटरची बादली मिळाली तर फारच छान. तळाची भोकं मोकळी. बोट दोन पेरं आत घालायचं, ओल लागली नाही तरच पाणी द्यायचं, तेही सकाळी आणि खालून निथळेपर्यंत. मातीवर वाळक्या पानांचा नाहीतर उसाच्या चिपाडाचा जाड थर. हे चिपाडाचं वेड कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांचं. गणित शिकवणारा हा माणूस ‘प्रयोग परिवार’ उभारून लोकांना गच्चीवर भाज्या पिकवायला लावत होता. गच्चीवर बाग करणाऱ्या प्रत्येकाने त्यांचं ‘विपुलाच सृष्टी’ वाचावं असं मला मनापासून वाटतं.

पान पिवळं दिसलं की लोक फवारा उचलतात. मला आधी विचारावंसं वाटतं, कुठलं पान? खालची जुनी पानं सरसकट पिवळी झाली तर नत्र संपलंय, मूठभर गांडूळखत पुरतं. जुन्याच पानांवर वर्तुळात वर्तुळं असलेले तपकिरी डाग म्हणजे करपा. ती पानं खुडून कचऱ्यात टाकायची आणि पाणी पानांवर उडू द्यायचं नाही. भर उन्हात पानं गुंडाळली आणि संध्याकाळी सैल झाली, तर झाड फक्त पाणी राखून ठेवतंय. शेंडाच आखडला, पानं बारीक, वाटीसारखी वर वळलेली, तर तो चुरडा-मुरडा. पान उलटून पाहिलं की पांढरी माशी भुर्रकन उडते. त्या झाडाला औषध नाही. उपटायचं आणि शेजारच्या कुंड्या वाचवायच्या.

एप्रिलमध्ये फुलं गळतात. दिवसा पस्तीस अंशांच्या पुढे गेलं की परागकणच निकामी होऊ लागतात, त्यात झाडाचा दोष नाही. एरवी मात्र फूल हलवावं लागतं, कारण त्याचे पराग बंद नळीत असतात आणि मधमाशीला ते निघत नाहीत. काळा भुंगा येतो, फुलाला लटकून मोठ्याने गुणगुणतो आणि त्या थरथरीने पराग झडतात.

बगलेतली फूट खुडली की बोटं हिरवी, मग काळपट होतात. चिकट वास नखांत राहतो. त्या वासासरशी मी आजोळी, निपाणीला पोचते. टोमॅटो आणि तंबाखू एकाच कुळातले, दोघांच्या अंगावर तसेच चिकट केस. तंबाखूचाही शेंडा खुडतात, फूट काढतात. हंगामात एसटी स्टँडवर उतरलं की आधी शिंक यायची. वखारीत बायका ओळीने बसून तंबाखू कुटत, चाळत. नाकाला पदर, पापण्यांवर भुकटी. मावशी घरी येऊन अंघोळ करी, तरी तिच्या उशीला तो वास असे, आणि रात्रीचा तिचा खोकला आम्हा मुलांना इतका सवयीचा होता की तो थांबला तर जाग येई. 1981मध्ये शेतकरी नेते शरद जोशींच्या मागे तंबाखूवाले शेतकरी भावासाठी महामार्गावर येऊन बसले. घरोघरी भाकऱ्या थापल्या जात होत्या, आजी सांगे. पुढे गोळीबार झाला, शेतकरी मेले. तो भाग ती कधीच पुरा सांगत नसे. पीठ मळायला घेई.

तंबाखूच्या पानांवरची फिकी-गडद नक्षी मात्र तिला ओळखता येई. हॉलंडमध्ये आडोल्फ मायरने 1886मध्ये याच रोगाला मोझॅक म्हटलं. आजारी पानाचा रस निरोगी पानात घातला की तेही आजारी पडतं, हे त्याने दाखवलं. 1892मध्ये रशियन शास्त्रज्ञ इव्हानोव्स्कीने तसाच रस जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला, तरी रोग लागलाच. विषाणूंची गोष्ट जगाला कळायला सुरुवात झाली ती अशी, तंबाखूच्या पानावरून. हा विषाणू वाळक्या तंबाखूत वर्षानुवर्षं टिकतो आणि मळणाऱ्या हातावरून टोमॅटोला लागू शकतो.

नर्सरीतून आणलेल्या रोपाची पानं म्हणून मी आता उजेडात धरून पाहते. फूट खुडायला कुणी मदतीला आलं आणि त्याला तंबाखूची सवय असली, तर आधी हात साबणाने धुवायला सांगते. दुधात हात बुडवले तर आणखी बरं, दुधातली प्रथिनं या विषाणूला रोखतात. मोठ्या रोपवाटिकांत ही पद्धत आहे. साय काढलेलं दूधही चालतं.