हिंगोली डेक्कन

त्या वर्षी कोजागरीला ग्रहण आलं होतं. 28 ऑक्टोबर 2023. आईने वेध लागायच्या आत दूध आटवून, सगळ्यांना पाजून, पातेलं घासूनही ठेवलं होतं. त्यामुळे मध्यरात्री गच्चीवर जमलेल्या आम्हा चौघांपुढे चंद्र होता, दूध नव्हतं. चंद्राकडेही कुणाचं लक्ष नव्हतं म्हणा. पॅरिसमध्ये रग्बीच्या विश्वचषकाचा अंतिम सामना चालला होता आणि जोहान्सबर्गला आठ वर्षं नोकरी करून आलेल्या भाच्याने आम्हाला त्यासाठी जागं ठेवलं होतं. रग्बी मला आजही फारशी कळत नाही. चेंडू पुढे न्यायचा, पण हाताने टाकायचा तो मागेच, एवढं समजलं आणि ते आवडलं.

चंद्राला कड लागायला आणि न्यूझीलंडच्या कप्तानाला लाल कार्ड मिळायला साधारण एकच वेळ झाली. ग्रहण सुटता सुटता दक्षिण आफ्रिका 12–11 अशी जिंकली. एका गुणाने. उपांत्यपूर्व सामना त्यांनी 29–28 असा काढला होता, उपांत्य 16–15. कप्तान सिया कोलिसीने चषक उचलला तेव्हा भाचा उभा राहून रडत होता. "मामा, तिथे आत्ता झोपडपट्टीतला आणि बंगल्यातला, दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले असतील."

आमच्यातला चौथा माझा कॉलेजातला मित्र, मूळचा हिंगोलीचा. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आणि उद्या सकाळी?"

उद्या सकाळचं त्याला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मराठा आरक्षणाचं उपोषण चालू होतं, मराठवाड्यात गावोगाव वेशीवर पुढाऱ्यांना बंदीच्या पाट्या लागल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी हिंगोलीच्या खासदारांनी त्या प्रश्नावर राजीनामा दिल्याची बातमी आली. मित्राचा फोन आला. "बघितलंस? ये एकदा. कार्तिकी एकादशीला नर्सीला जाऊ. नामदेवांची जयंती असते."

मी गेलो, पण नुसता नामदेवांसाठी नाही. पलटणींचे इतिहास वाचण्याचं मला जुनं वेड आहे, आणि त्या पुस्तकांत 'हिंगोली' हे नाव इतक्या वेळा भेटलंय की प्रत्यक्ष न पाहिल्याची लाज वाटत होती.

22 नोव्हेंबरच्या रात्री पुण्याहून ट्रॅव्हल्स पकडली. तीन दिवसांपूर्वी अहमदाबादला भारत क्रिकेटचा अंतिम सामना हरला होता, त्यामुळे बसमध्ये चमत्कारिक शांतता होती. जिंकलो असतो तर झोपू दिलं नसतं कुणी. जिंतूरच्या पुढे उजाडलं. दोन्ही अंगांना हळद उभी होती, कमरेएवढी उंच, रुंद पानांची, मधूनच कापूस वेचणाऱ्या बाया.

लॉजबद्दल न बोलावं हे बरं, पण बोलतो. गिझर होता, त्याला वायर नव्हती. चादरीवर आधीच्या पाहुण्याच्या तंबाखूचा पुरावा होता. हे सगळं चालतं. गल्ल्यावरच्या माणसाने मात्र वहीत माझं नाव लिहिलं, पेन उचलून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "सभेला आलाव का?" रविवारी, 26 तारखेला, रामलीला मैदानावर ओबीसींची एल्गार सभा होती. मी नाही म्हटलं. "मंग तिकडच्या का?" मी तिकडचाही नाही म्हटल्यावर त्याने आडनाव पुन्हा एकदा मोठ्याने वाचलं. जात विचारली नाही हो. आडनावच वाचलं, दोनदा.

हिंगोली शहर पायी फिरण्याजोगं आहे आणि ते मोहल्ल्यांच्या नावांनी वाचावं. पलटण. रिसाला. तोफखाना. पेन्शनपुरा. सदर बाजार. इथे एकेकाळी छावणी होती हे सांगायला पाटीची गरज नाही. रिसाला म्हणजे घोडदळ. पेन्शनपुऱ्यात निवृत्त शिपायांची वस्ती. मी रिसाल्यात एका टपरीवर चहा घेत विचारलं, इथे घोडे कुठे असायचे? चहावाला म्हणाला, "घोडे? टांगे व्हते पहिले."

ही छावणी होती हैदराबाद कंटिंजंटची, म्हणजे निजामाच्या पैशावर आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमावर चालणाऱ्या फौजेची. 1813 च्या सुमारास रेसिडेंट हेन्री रसेल याने तिची घडी बसवली. फौज निजामाच्या नावाची, पण तिच्यावर हुकूम निजामाचा चालत नसे, आणि पगार मात्र त्यानेच द्यायचा. पगार थकत गेला, कर्ज वाढत गेलं. 1853 मध्ये इंग्रजांनी त्या वसुलीपोटी वऱ्हाड आपल्या कारभारात घेतला. म्हणजे आज आपण विदर्भ आणि मराठवाडा असे जे दोन स्वभाव मानतो, अनुशेषाच्या आकड्यांवरून भांडतो, त्यांच्यामधली पैनगंगेची रेघ बरीचशी या पेन्शनपुऱ्याच्या पगारपत्रकाने ओढलेली आहे. मला हे इतकं विलक्षण वाटतं की मी ते टपरीवाल्यालाही सांगितलं. त्याने दुसऱ्या चहाचे पैसे घेतले.

खरी गोष्ट पुढेच आहे. 1819 च्या जानेवारीत याच फौजेने हदगावकडच्या नोव्हा गढीला वेढा घातला. गढी हटकरांच्या नोवसाजी नाईकांची, आत बहुतेक अरब शिबंदी. गढी पडली तेव्हा आतले फार थोडे वाचले. इंग्रजांनी 'नोव्हा' हे नाव युद्धसन्मान म्हणून फौजेला बहाल केलं. 1857 नंतर हीच कंटिंजंट ह्यू रोजबरोबर मध्य हिंदुस्थानात लढली. तोही सन्मान मिळाला. 1903 मध्ये ती हिंदी सैन्यात मिसळली, तिच्या पायदळाच्या पलटणींची पुढे 19वी हैदराबाद रेजिमेंट झाली, हळूहळू तिच्यात दख्खनचे शिपाई कमी होत जाऊन कुमाऊँचे पहाडी, अहीर, जाट भरले गेले आणि 1945 मध्ये तिचं नावच बदललं. कुमाऊँ रेजिमेंट.

म्हणजे बडगामला 3 नोव्हेंबर 1947 रोजी पडलेले, देशातलं पहिलं परमवीरचक्र मिळालेले मेजर सोमनाथ शर्मा ज्या 4 कुमाऊँचे, तिची मुळं या फौजेत. रेजांगलाला 1962 मध्ये शेवटच्या गोळीपर्यंत लढलेली अहिरांची तुकडीही याच रेजिमेंटच्या तेराव्या पलटणीची. रेजांगला देशाचा अभिमान आहे, तसा अहिरांचाही. त्याच बळावर ते स्वतंत्र अहीर रेजिमेंट मागत आले आहेत. इकडे नोवसाजी नाईकांना हटकर समाज क्रांतिवीर मानतो, तेही योग्यच. एकाच रेजिमेंटच्या सन्मानांच्या यादीत आपल्या पूर्वजाचा पराभव कोरलेला असतो आणि देशाचा विजयही. हिंगोलीत या रेजिमेंटवर कुणीच हक्क सांगत नाही. मला त्याचं आधी वाईट वाटलं. नंतर लॉजवरची वही आठवली आणि म्हटलं, बरंय.

औंढ्याला जाऊन आलो. नागनाथाला रांग होती, मंदिराच्या बाहेरच्या भिंतीवरची शिल्पं पोटभर पाहिली, गाभारा भुयारासारखा उतरून आहे, गुदमरायला झालं. एक मार्गदर्शक मागे लागला होता, त्याचे पुरातत्त्व पांडवांपासून सुरू होऊन पांडवांपाशीच संपत होतं. याच तालुक्यात लायगो ही गुरुत्वलहरींची वेधशाळा व्हायची आहे. केंद्राने त्याच वर्षी एप्रिलमध्ये 2,600 कोटी मंजूर केले. कोट्यवधी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं आदळली तरी औंढ्याला कळणार. शेजारच्या गावात दोन गट आदळले तर कळायला अजून व्हॉट्सअ‍ॅपच.

नर्सी हिंगोलीपासून सोळा-सतरा किलोमीटर. कयाधू नदी, तिच्या काठावर नामदेवांचं स्थान, आणि गावात गुरुद्वारा. एकादशी म्हणून भगर आणि शेंगदाण्याची आमटी मिळाली. मित्राने त्याच्या शाळेतले इतिहासाचे सर बोलावून ठेवले होते. निवृत्त, ऐंशीच्या घरातले, धोतर-टोपी, आणि वाद घालायला टपलेले.

मी नको ते बोललो. नामदेवांचा जन्म पंढरपूरचाच असंही अभ्यासक म्हणतात, असं म्हणालो.

"म्हणू द्या," सर म्हणाले. "घराणं नर्सीचं का नाही? मंग झालं. लेकरू कुठल्या खोलीत जन्मलं त्यावरून गाव ठरतं का?" पंजाबातले भगत नामदेव आणि आपले नामदेव एकच का, यावरही शंका घेणारे आहेत, हे मी काढलंच. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदं आहेत, भाषा हिंदवी वळणाची, तेव्हा प्रश्न येणारच. सरांनी दोन मिनिटं माझ्याकडे नुसतं पाहिलं. "तुम्ही पुण्याचे लोक कागद मागता. आमच्याकडं पंजाबातून ट्रकभर माणसं येतात, या मातीला डोकं टेकवतात. आणि 2015 साली तुमचं साहित्य संमेलन गेलंच की पंजाबात, घुमानला. तवा नाही विचारलं एकच का म्हणून?"

मी हरलो. पण तेवढ्यात मित्राने रग्बीची गोष्ट काढली. मंडेलांची. 24 जून 1995, एलिस पार्क. हिरवी जर्सी ही काळ्यांसाठी वर्णद्वेषाची खूण. वर्षानुवर्षं ते स्टेडियमच्या वेगळ्या कोपऱ्यातून पाहुण्या संघाच्या बाजूने ओरडत आलेले. आणि मंडेला तीच जर्सी, कप्तान पिनारचा 6 नंबर पाठीवर, घालून मैदानात उतरले. त्या पंधरांत अश्वेत एकटा चेस्टर विल्यम्स. काळा कोलिसी कसोटी संघाचा कप्तान झाला 2018 मध्ये. पाठीवर नंबर तोच, 6.

"तेवीस वर्षं," सर म्हणाले. "आपले पळवणकर घ्या. बाळू पळवणकर, चांभाराचा पोरगा. 1906 ला हिंदू संघानं गोऱ्यांना हरवलं तवा तो संघात व्हता. 1911 ला विलायतेत 114 बळी घेतले. कप्तान केला का?"

नाही केला. चेंडू हातात द्यायला हरकत नव्हती, चहा मात्र पुण्यात त्याला वेगळ्या भांड्यात बाहेर मिळे. भाऊ विठ्ठल 1923 मध्ये कप्तान झाला आणि हिंदू जिंकले, तेव्हा मुंबईकरांनी त्याला खांद्यावर घेतलं. मी म्हटलं, "सर, म्हणजे सतरा वर्षांत. आपण त्यांच्याआधी केलं." सर हसले. "हिंदूंचा संघ, पारशांचा संघ, मुसलमानांचा संघ. त्याला तुम्ही राष्ट्र म्हणता? आन् 1937 ला बाळू निवडणुकीला उभा ऱ्हायला तर समोर कोण? डॉ. आंबेडकर. पाडलं त्यांनी. मंग असल्या माणसाला शेवटी कुणाचा म्हणायचं?"

भाच्याचा संघ मला इथे नव्याने कळला. कोलिसी स्वतःची खोसा भाषा, झ्विडे ही आपली वस्ती मागे ठेवून कप्तान झालेला नाही. ती घेऊन झालाय. त्यांच्या राष्ट्रगीतात पाच भाषा आहेत, त्यांतली एक आफ्रिकान्स, जिच्या सक्तीविरुद्ध 1976 मध्ये सोवेटोची पोरं गोळ्या खाऊन पडली. निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेल्या सरांना हे लगेच उमजलं. ते म्हणाले, उर्दूवर राग होता, अजून शेर पाठ आहेत. आणि दोन म्हणून दाखवले, नर्सीच्या देवळाच्या पायरीवर, एकादशीला.

आपल्याकडे रग्बीच नाही असंही नाही. 2019 च्या जूनमध्ये भारताच्या मुलींनी पंधरा-पंधराच्या रग्बीतला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला, मनिलात सिंगापूरवर 21–19. कप्तान पुण्याची पारशी, वाहबिझ भरुचा. विजयाचा फटका ओडिशाच्या आदिवासी शाळेतल्या सुमित्रा नायकचा. मैदान मारणारी बिहारची स्वीटी कुमारी. सरांना मी हे सांगितलं. "मंग पेढे वाटले का?" नाही वाटले. आम्हाला कुणाला कळलंच नव्हतं.

शनिवारी निघालो. रामलीला मैदानावरून गेलो. दसऱ्याला इथे जत्रा उसळते, आता मांडवाचे खांब रोवले जात होते. खांबांच्या मधल्या जागेत पोरं कबड्डी खेळत होती. मांडववाल्याने हाकललं की दहा पावलं सरकायची, पुन्हा रेघ मारायची. संघ कसे पाडले विचारलं, तर एक म्हणाला, "शर्टवाले आन् बनियनवाले." मी बनियनवाल्यांच्या बाजूने थोडा वेळ ओरडलो. ते हरले.

अकोल्याकडे जाणारी गाडी तासभर उशिरा होती. पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड लागणार, म्हणजे 1853 चा हिशेब. फोनवर भाच्याचा निरोप होता: विजयासाठी दक्षिण आफ्रिकेने 15 डिसेंबरची सार्वजनिक सुट्टी जाहीर केलीय. रेजिमेंटच्या नावातून हैदराबाद 1945 मध्ये गेलं. फलाटावरच्या पिवळ्या पाटीवर अजून 'हिंगोली डेक्कन' लिहिलेलं आहे.