जिन्याखालचें तळघर

बिअर ताजी असतांनाच प्यावी हा नियम शंभरांतील नव्व्याण्णव बाटल्यांना लागू आहे, आणि त्या नव्व्याण्णव बाटल्यांशीं आम्हांस आज कांहीं कर्तव्य नाहीं. शंभराव्या बाटलीनें मात्र आमचीं वीस वर्षें व जिन्याखालची सारी जागा व्यापली आहे. लंडनच्या पश्चिम भागांतील आमच्या लहानशा घराला तळघर नाहीं. जिन्याखालीं छत्र्या, जुने बूट व झाडू ठेवण्याचें जें कपाट असतें, त्यालाच आम्ही तळघर म्हणतों. घरांतील इतर मंडळी त्याला अडगळ म्हणतात.

हा नाद आम्हांस शेजारच्या एका निवृत्त शाळामास्तरांनीं लावला. चिझिकच्या फुलर्स कारखान्यानें १९९७ सालीं ‘व्हिंटेज एल’ नांवाची साडेआठ टक्के मद्यार्काची बिअर काढली व पुढें दर वर्षीं नवी काढण्याचा प्रघात पाडला. मास्तरांनीं पहिल्या वर्षाची बाटली आमच्यापुढें उघडली, तेव्हां आम्हांस आजीचें लिंबाचें लोणचें आठवलें. चार पावसाळे गेल्यावांचून ती त्या बरणीचा दादरा सोडीत नसे, आणि काळें पडलेलें तें लोणचें घरांत कोणी आजारी पडलें म्हणजेच बाहेर येई. ‘मुरणें’ हा शब्द आम्हीं मास्तरांना समजावून दिला. इंग्रजींत पदार्थ नुसता जुना होतो किंवा पिकतो; आपल्याच रसांत हळूहळू शिरून तो दुसराच होतो, हें सांगणारा शब्द त्यांना सांपडेना. त्यांनीं तो वहींत लिहून घेतला, आणि ‘ही मुरली, ही मुरली नाहीं’ असा निकाल ते पुढें आमच्याच भाषेंत देऊं लागले.

मुरणें हें सर्वच बिअरींच्या नशिबीं नसतें. या बाटलींत यीस्ट जिवंत असतें व टोपण बसल्यावरहि तें आपलें काम सोडीत नाहीं. हॉपच्या फुलांचा कडवटपणा वर्षागणिक ओसरतो. आंत राहिलेल्या किंचित् हवेनें धान्याच्या गोडीला मनुकांची, मधाची, जुन्या शेरीची झांक येते. तीच हवा हलक्या बिअरीला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आणते. म्हणून ठेवावयाची ती जड, काळसर किंवा आंबट. डॉर्चेस्टर येथें १९६८ सालीं टॉमस हार्डी या कादंबरीकाराच्या स्मरणार्थ जी एल काढण्यांत आली, ती पंचवीस वर्षें टिकेल असें काढणारे सांगत. ब्रुसेल्सचे लोक तर एक, दोन व तीन वर्षांची आंबट लांबिक एकत्र करून ‘ग्यूझ’ बाटलींत भरतात आणि पुन्हां वर्षानुवर्षें आडवी निजवून ठेवतात. त्या बाटल्यांना लांकडी बूच असतें व तें ओलें राहावें लागतें. पत्र्याच्या टोपणाच्या बाटल्या मात्र उभ्याच बऱ्या. दहा ते तेरा अंशांचा गारवा आणि अंधार, एवढेंच त्या मागतात.

हें सारें परक्यांचें कौतुक आहे असें वाचकांस वाटेल, परंतु मुंबईचा त्यांत वाटा आहे. लंडनमधील बो येथील हॉजसन याच्या कारखान्यांतील पिंपें ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून केप ऑफ गुड होपला वळसा घालून हिंदुस्थानांत येत. चार ते सहा महिन्यांच्या त्या प्रवासांत हिंदकळत व उष्ण कटिबंध ओलांडीत येणारी बिअर बंदरांत उतरे तेव्हां इंग्लंडांतल्या तळघरांत दीर्घ काळ मुरल्यासारखी झालेली असे.

दुसऱ्यानें ठेवलेली जुनी बाटली विकत घेणें हा धंदा वेगळा, व आमच्या मतें थोडासा जुगारीच आहे. तिनें कोणते उन्हाळे सोसले हें कोण सांगणार? आम्हीं एकदां चाळीस पौंड मोजून एक वीस वर्षांची बाटली आणली. ती दुकानाच्या खिडकींत उन्हांत उभी होती, आणि मानेंतील पातळी बोटभर खालीं गेली होती. दोन्ही गोष्टी आम्हांस दिसल्या होत्या. लेबलावरील सालानें आमची दृष्टि बांधली होती. पेल्यांत ओल्या रद्दीचा वास आला. मास्तर कांहीं बोलले नाहींत, त्यांनीं फक्त खिडकी उघडली.

तेव्हांपासून स्वतःच ठेवावें असें ठरलें. २००३ सालीं आम्हीं दोघांनीं मिळून व्हिंटेज एलच्या बारा बाटल्या घेतल्या. दर नोव्हेंबरांत एक उघडावयाची व वहींत चव नोंदवावयाची. तीन वर्षें तसें झालें. मग आमचा लोभ जागा झाला. तिसरी बाटली मंद लागली होती. आणखी दोन वर्षें थांबूं, असें आम्हीं म्हटलें. चव चढते आणि उतरते, उतरतीचीहि नोंद हवी, असें मास्तरांचें म्हणणें होतें. पण ते आमच्या आग्रहास मान देत. दोनाचीं चार वर्षें झालीं. कधीं आमच्या मुलाची परीक्षा, कधीं त्यांच्या घरचें दुखणें. २०१५ च्या हिंवाळ्यांत मास्तर वारले. नऊ बाटल्या शिल्लक होत्या. म्हणजे नऊ संध्याकाळीं आम्ही त्यांच्यासमोर बसलों नव्हतों.

पुढल्या वर्षीं पाणी तापविण्याचें यंत्र बदलण्यास कारागीर आला, त्यानें सहज सांगितलें कीं गरम पाण्याचा पाइप जिन्याखालच्या कपाटामागूनच जातो. कपाटाच्या पाठीला हात लावला तों ती कोमट. तेरा हिंवाळे आम्हीं त्या बाटल्यांना शेक दिला होता! अंधाराची काळजी घेतली, येणाऱ्याजाणाऱ्यास गारव्यावर व्याख्यानें दिलीं, आणि एकदांहि हात लावून पाहिला नाहीं.

त्याच नोव्हेंबरांत एक बाटली व ती वही घेऊन आम्ही मास्तरांच्या पत्नीकडे गेलों. त्या बिअर पीत नाहींत. शेरीचे दोन लहान पेले त्यांनीं काढले. टोपण निघतांना अगदीं क्षीण आवाज झाला. फेंस नव्हता. रंग गडद झाला होता, आणि मनुकांच्या मागें सोयाच्या रसासारखा एक खारट वास होता. वाईट नव्हती, मास्तरांनीं ठेवली असती तर असावयास हवी होती तशीहि नव्हती. बाईंनीं दोन घोट घेतले आणि विचारलें, “मुरली का?” त्यांच्या तोंडून तो शब्द आम्हीं प्रथमच ऐकला. आम्हांस उत्तर सुचेना. त्यांनीं वही पुढें ओढली, दहा वर्षांपूर्वींच्या नोंदीखालीं तारीख घातली, आणि चवीचा रकाना तसाच मोकळा ठेवला.

तेव्हांपासून दर नोव्हेंबरांत आम्ही जातों. २०२० सालीं सरकारी निर्बंधांमुळें जातां आलें नाहीं. २०२४ सालीं आठवी उघडली. ती सातवीपेक्षां बरी लागली. नववी अद्याप जिन्याखालीं आहे, पण आतां पुढल्या बाजूस, छत्र्यांच्या जागीं. छत्र्या पाइपाजवळ गेल्या आहेत.